विमान घ्यावे, पण कोणते?

दिवाळी जवळ आली की घरोघरी खरेदीच्या याद्या होऊ लागतात. यादीत साडी असते, मुलांचे कपडे असतात, एखादे पातेले असते. आणि हल्ली काही घरांच्या यादीत चक्क विमान असते! वाचकहो, दचकू नका. हे विमान अंगणात उभे करायचे नसते आणि त्याला पेट्रोलही लागत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर ‘फ्लाइट सिम्युलेटर’ नावाचा उड्डाणाचा जो खेळ चालतो, त्याच्याबरोबर काही विमाने येतातच. पण हौशी माणसाचे तेवढ्याने भागत नाही. एखाद्या विशिष्ट विमानाची हुबेहूब, पेच न् पेच जमवलेली प्रतिकृती त्याला हवी असते. ती वेगळे पैसे मोजून घ्यावी लागते. तिला ‘ॲड-ऑन’ विमान म्हणतात. जेवणाच्या थाळीवर वेगळी मागवलेली बासुंदीची वाटी असते ना, त्यातलाच प्रकार!

फावल्या वेळच्या उद्योगांविषयी आपण या सदरात नेहमीच बोलतो. या छंदाविषयी लिहायचे निमित्त मात्र एका पत्राने दिले. धाराशिव जिल्ह्यात, परंडा तालुक्यात सोनारी नावाचे गाव आहे. काळभैरवनाथाचे स्थान म्हणून ते त्या भागात सर्वांच्या परिचयाचे आहे. तिथल्या एका गुरुजींनी आम्हांला लिहिले आहे. त्यांचे चिरंजीव यंदा बारावीला आहेत. मुलगा हुशार, वळणाचा. पण दिवेलागणी झाली की कॉम्प्युटरसमोर बसतो आणि विमान उडवतो. इथवर गुरुजींची काही तक्रार नव्हती. आता मुलाने दिवाळीची भेट म्हणून एक एअरबस मागितली आहे, आणि तिची किंमत साडेपाच हजार रुपये आहे. जी वस्तू हातात धरता येत नाही, कपाटात ठेवता येत नाही, तिला साडेपाच हजार? गुरुजी नाही म्हणाले. त्यावर मुलगा म्हणाला की मला पुढे वैमानिकच व्हायचे आहे, हा माझा अभ्यास आहे. शब्दाने शब्द वाढला. आणि गेले पंधरा दिवस बापलेक एकमेकांशी आईच्या मार्फत बोलत आहेत!

गुरुजींचे प्रश्न दोन आहेत. हा खेळ आहे की अभ्यास? आणि घ्यायचेच ठरले, तर विमान कोणते घ्यावे? प्रश्न सोनारीहून आला असला तरी तो पुण्यातल्या, मुंबईतल्या नि नागपुरातल्या अनेक घरांतला आहे. म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो.

खेळ की अभ्यास?

या प्रश्नाचे एक मजेदार उत्तर इतिहासानेच देऊन ठेवले आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन या गावी लिंक कुटुंबाचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्या घरातल्या एडविन लिंक या तरुणाला विमानाचे वेड लागले. पण विमान शिकायचे म्हणजे खर्च भारी. तेव्हा ऑर्गनचे भाते आणि हवेच्या झडपा वापरून त्याने १९२९ साली एक ठेंगणे, आखूड पंखांचे यंत्र तयार केले. ते जमिनीवरच राही, पण आत बसणाऱ्याने दांडी हलवली की विमानासारखे कलत असे, वळत असे, डुलत असे. हे यंत्र प्रथम विकत कोणी घेतले असेल? करमणुकीच्या बागांनी! नाणे टाकावे आणि पाळण्यासारखे झुलून घ्यावे, एवढीच त्याची योग्यता लोकांना वाटली.

पुढे १९३४ साली अमेरिकेच्या सैन्याकडे विमानाने टपाल नेण्याचे काम आले. ढगांत आणि अंधारात उडण्याचा सराव नसलेले वैमानिक एकामागून एक अपघातांत प्राणांस मुकले. तेव्हा कुठे सैन्याला त्या खेळण्याची आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धात तर लक्षावधी वैमानिकांनी केवळ काट्यांकडे पाहून उडण्याचे पहिले धडे लिंकच्या त्या निळ्या पेटीत बसून गिरवले. यंत्र तेच. बागेत ठेवले तेव्हा ते खेळणे होते, छावणीत ठेवले तेव्हा शाळा झाली. फरक यंत्रात नव्हता; आत बसणारा कशासाठी बसला होता, त्यात होता. गुरुजी, आमच्या उत्तराचे सार इथेच आले.

घरच्या कॉम्प्युटरवर हा प्रकार आणला तो ब्रूस आर्टविक या इलिनॉय विद्यापीठात शिकलेल्या माणसाने. १९८० च्या सुमारास त्याचा कार्यक्रम ॲपलच्या कॉम्प्युटरवर चालू लागला आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टने तो आपल्या नावाने बाजारात आणला. त्या वेळी पडद्यावर दिसत ते काही रेघा आणि थोडे रंग. डोंगर म्हणजे एक त्रिकोण, शहर म्हणजे चार ठोकळे! २०२० साली फ्रान्समधल्या असोबो या मंडळींनी मायक्रोसॉफ्टसाठी जे सिम्युलेटर तयार केले, त्यात उपग्रहांनी आणि विमानांनी काढलेल्या छायाचित्रांवरून सगळी पृथ्वीच उभी केली आहे. न्यूयॉर्क आहे तसे नागपूरही आहे, आणि शोधले तर सोनारीचे शिवारही आहे.

आता याची दुसरी बाजूही मुलाला स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायचा, तर अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, लेखी परीक्षा द्याव्या लागतात आणि २०० तासांचे उड्डाण पदरी असावे लागते. घरच्या कॉम्प्युटरवर हजार तास घालवले, तरी त्यातला एकही तास या २०० तासांत धरला जात नाही. या शिक्षणाचा एकूण खर्च अर्ध्या कोटीच्या घरात किंवा त्याहूनही वर जातो. तेव्हा हा मार्ग खरोखर धरायचा असेल, तर पहिला खर्च विमानावर नव्हे, वैद्यकीय तपासणीवर करावा. विमान-वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून द्वितीय श्रेणीची तपासणी आधीच करून घ्यावी. डोळ्यांत किंवा कानांत काही दोष निघायचा असेल, तर तो शेत विकण्यापूर्वी कळलेला बरा, विकल्यावर नव्हे.

आणखी एक सावधगिरी. घरच्या खेळात पोटात गोळा येत नाही, कानठळ्या बसत नाहीत, खुर्ची जागची हलत नाही. समोर फक्त काटे आणि पडदा. त्यामुळे घरी शिकलेल्या मुलाला बाहेरचे आकाश सोडून काट्यांकडेच टक लावून पाहण्याची खोड लागते. खऱ्या विमानात शिकवणारे गुरू मग ती खोड मोडण्यातच कित्येक तास घालवतात. म्हणजे हा अभ्यास आहे खरा, पण अर्धा. कार्यपद्धती, गणित, नकाशा, हवामान आणि रेडिओवरची भाषा हा अर्धा भाग घरी उत्तम होतो. उरलेला अर्धा आकाशातच शिकावा लागतो.

पहिले विमान फुकटचे

आता दुसरा प्रश्न, विमान कोणते? आमचा पहिला सल्ला ऐकून दुकानदार रागावतील. पहिले सहा महिने कोणतेही विमान विकत घेऊ नये! सिम्युलेटरबरोबरच सेस्ना १७२ नावाचे एक चार आसनी विमान येते. एक इंजिन, पंख डोक्यावर, चाके कायमची खाली. १९५६ पासून ते लोकांच्या हाती पडू लागले आणि आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक तयार झाली; जगात इतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान बनलेले नाही. जगभरच्या फ्लाइंग क्लबांत मुले ज्यावर शिकतात, ते हेच. आणि पंख वर असल्यामुळे खालची जमीन मोकळी दिसते, हा त्याचा मोठा गुण.

जुना किंवा हलका कॉम्प्युटर असणाऱ्यांनीही हिरमुसून जाऊ नये. ‘फ्लाइटगिअर’ नावाचा सिम्युलेटर हौशी लोकांनी मिळून बनवला आहे. तो पूर्णपणे फुकट आहे आणि त्यातली सेस्ना १७२ फार निगुतीने केलेली आहे.

या सेस्नात बसून करायचा एक पाठ आम्ही सुचवतो. सोलापूरच्या धावपट्टीवरून निघावे आणि सोनारीला यावे. सरळ रेषेत अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेस्नाला अर्धा तास. नकाशावर आपले ठिकाण दाखवणारी खूण बंद करावी आणि नजरेने वाट काढावी. वायव्येकडे तोंड केले की डाव्या अंगाला सीना नदी लागते. ती सोडायची नाही. रेल्वे, रस्ते, तळी एकेक करून ओळखत जायचे. पुढे सीना-कोळेगाव धरणाचे पाणी आणि परंड्याचा भुईकोट किल्ला या दोन खुणा पटल्या, की सोनारी दूर नाही. भैरवनाथाचे शिखर मात्र तिथे जसेच्या तसे सापडेल अशी अपेक्षा धरू नये. लहान गावातली घरे नि देवळे कॉम्प्युटर छायाचित्रावरून अंदाजाने बांधतो. त्यामुळे देवळाच्या जागी एखादे कौलारू घरही दिसेल! पण शिवार, ओढा, रस्त्याचे वळण हे सगळे जागच्या जागी असते.

हा पोरखेळ नव्हे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले, ते पस मॉथ नावाच्या एका इंजिनाच्या विमानातून. जवळ रेडिओ नव्हता. खाली दिसणारी जमीन, हातातला नकाशा आणि मनगटावरचे घड्याळ यांवरच त्यांची सारी भिस्त होती. आपल्या देशातली नियमित विमानसेवा सुरू झाली ती अशी. नदी धरून गाव गाठणारा मुलगा त्याच शाळेचा विद्यार्थी आहे.

या अर्ध्या तासात किती अभ्यास होतो पाहा. सोलापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंच आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात तिथली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचाही जोर घटतो. डिसेंबरच्या सकाळी झटकन उचलणारे तेच विमान एप्रिलच्या दुपारी धावपट्टी खात जाते. सिम्युलेटरमध्ये तापमान बदलून हे स्वतः पाहता येते. उतरण्याचे गणितही तोंडी करता येते. जितके हजार फूट खाली यायचे, त्याची तिप्पट करावी. तितके सागरी मैल आधी उतरायला लागावे. साडेपाच हजारांवरून अडीच हजारांवर यायचे, म्हणजे तीन हजार फूट. तीन त्रिक नऊ. नऊ सागरी मैल आधी इंजिनाचा जोर कमी करायचा. गुरुजी, पाढ्यांचा इतका रोकडा उपयोग आपण वर्गात दाखवू शकाल काय?

डाकोटा आणि जम्बो

सहा महिने सेस्ना पचली, की मग आवडीचा प्रश्न येतो. इथे प्रत्येकाचे दैवत वेगळे. आमच्या परिचयातल्या हौशी मंडळींत ज्यांची नावे वारंवार निघतात, त्यांतली काही सांगतो.

जुन्या माणसांचे लाडके म्हणजे डाकोटा, अर्थात डीसी-३. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरला चाळीस वर्षे झाली, तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये ते सर्व ग्राहकांना फुकट देण्यात आले. शेपटीखाली चाक असल्यामुळे जमिनीवर त्याचे नाक आभाळाकडे असते आणि समोरचे काही दिसत नाही! उतरताना जरा दुर्लक्ष झाले की शेपटी पुढे येऊ पाहते. पण या विमानाचे आपल्या महाराष्ट्राशी खास नाते आहे. १९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगावला एकत्र येत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडायच्या आत विमाने माघारी लागत. रात्री मुंबईला टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्यात! हे काम डाकोटांनी केले. हिवाळ्यातल्या एखाद्या रात्री मुंबई ते नागपूर हा प्रवास डाकोटातून करून पाहावा. खाली दिव्यांचे ठिपके, समोर लुकलुकणारे काटे. घरबसल्या इतिहास वाचण्याची ही एक नवीच रीत म्हणावी लागेल.

दुसरे लाडके म्हणजे जम्बो, बोइंग ७४७. एअर इंडियाचे पहिले जम्बो ‘सम्राट अशोक’ १९७१ साली मुंबईला आले. खिडक्यांभोवती लाल रंगात राजस्थानी झरोके रंगवलेले ते विमान पाहायला लोक सांताक्रूझला गर्दी करीत. एअर इंडियाच्या उरलेल्या जम्बोंपैकी शेवटचे २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून कायमचे निघाले, तेव्हा पंख डोलवून त्याने निरोप घेतल्याचे अनेकांनी पाहिले. सिम्युलेटरमध्ये मात्र ही विमाने अजून उडतात. हौशी चित्रकार ते झरोके एकेक करून रंगवतात आणि जगाला फुकट वाटतात. २०२० च्या सिम्युलेटरबरोबर मिळणारे जम्बो हे ७४७-८ या नव्या जातीचे आहे. ती जात एअर इंडियाकडे कधी नव्हती. ‘सम्राट अशोक’च्या जातीचे, म्हणजे ७४७-२००, हवे असेल तर ‘एक्स-प्लेन’ नावाच्या दुसऱ्या सिम्युलेटरसाठी ‘फेलिस’ने केलेले विमान विकत मिळते. त्यात दोन वैमानिकांच्या मागे तिसऱ्या माणसाची, फ्लाइट इंजिनिअरची, भिंतभर उपकरणे आहेत. आणि ती सर्व चालतात.

या विमानाची एक दुःखद आठवणही आहे आणि ती मुलांपासून लपवू नये. १ जानेवारी १९७८ रोजी संध्याकाळ टळल्यावर ‘सम्राट अशोक’ दुबईला जाण्यासाठी मुंबईहून उडाले आणि थोड्याच मिनिटांत वांद्र्याच्या समोर समुद्रात कोसळले. २१३ माणसे गेली. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. क्षितिज दिसत नव्हते. अशा वेळी विमान सरळ आहे की कललेले, हे सांगणारे ‘कृत्रिम क्षितिज’ नावाचे उपकरण असते. कॅप्टनसमोरचे ते उपकरण बिघडले. विमान एका बाजूला कलत गेले आणि दुसऱ्या उपकरणांशी वेळेत पडताळा घेऊन त्याला सावरता आले नाही. माणसाचे शरीर अंधारात फसते; एकच काटाही फसवू शकतो; म्हणून दोन-तीन उपकरणे ताडून पाहावी लागतात. एडविन लिंकने आपल्या पेटीत जो धडा ठेवला, त्याचीच ही पुढची पायरी. सिम्युलेटरमध्ये एखादे उपकरण मुद्दाम बिघडवण्याची सोय असते. मोठ्या माणसाने गुपचूप ते करावे आणि मुलाच्या लक्षात केव्हा येते ते पाहावे. हा धडा घरच्या खुर्चीत शिकलेला बरा.

एअरबस, एटीआर आणि एक जिवंत विमान

आता गुरुजींच्या चिरंजीवांनी मागितलेली एअरबस ए३२०. आपल्या देशात आज प्रवासी जिच्यात अधिक बसतात, ती हीच जात. इंडिगोचा बहुतेक ताफा याच कुळातला आहे. म्हणून तिची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. २०२२ साली ‘फेनिक्स’ने बाजारात आणलेली ए३२० नावाजलेली आहे, आणि तिची किंमत साधारण गुरुजींनी लिहिली आहे तेवढीच होते. पण चिरंजीवांनी एक गोष्ट वडिलांना सांगितलेली दिसत नाही! ‘फ्लायबायवायर’ या नावाखाली जगभरच्या हौशी लोकांनी २०२० पासून याच जातीची ए३२० निओ तयार केली आहे. ती उत्तम आहे आणि ती संपूर्ण फुकट आहे. तेव्हा साडेपाच हजारांची चर्चा करण्याआधी फुकटच्या एअरबसमध्ये मुलाने तीन महिने काढावेत.

शिवाय एअरबस हे शिकाऊ माणसाचे विमान नव्हे. तिची दांडी सोडून दिली तरी तिथला कॉम्प्युटर विमान आहे त्या स्थितीत धरून ठेवतो. सेस्नात तसे होत नाही. तिथे वेग बदलला की नाक वरखाली होते आणि ‘ट्रिम’चे चाक फिरवून ते आपणच सावरावे लागते. ज्याने ते चाक कधी फिरवले नाही, त्याला एअरबस त्याच्यासाठी काय काय करते आहे हेच कळणार नाही. स्वयंपाक न शिकता आचारी ठेवण्यासारखे आहे ते!

त्यापेक्षा सोलापूर-धाराशिवकडच्या मुलांना आम्ही एटीआर ७२ सुचवू. पंख्याची दोन इंजिने, सत्तर-एक माणसांची सोय, आखूड धावपट्टीवर उतरण्याची तयारी. जून २०२५ मध्ये सोलापूर-गोवा विमानसेवा सुरू झाली ती ‘फ्लाय९१’ या गोव्याच्या कंपनीच्या एटीआर विमानाने. त्याआधी या विमानतळाच्या वाटेत एका साखर कारखान्याची उंच चिमणी उभी होती. ती १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. एक चिमणी विमानांना इतकी का नडते? धावपट्टीकडे येणारे विमान अगदी उथळ उतारावरून येते. साधारण तीन अंशांच्या. म्हणजे धावपट्टीपासून एक सागरी मैल अलीकडे ते अवघ्या तीनशे-सव्वातीनशे फुटांवर असते. हा उतार कागदावर काढून मग सोलापूरला उतरून पाहावे. बातमीतली चिमणी भूमितीत कशी येते, ते कळेल.

शेवटी, खरोखर पैसे मोजण्यासारखे एक विमान. ‘ए-टू-ए’ या मंडळींनी केलेले पायपर कोमांची २५० हे चार आसनांचे विमान. मूळ विमान १९५८ पासूनचे. या प्रतिकृतीचे वैशिष्ट्य असे, की ते तुमची वागणूक लक्षात ठेवते. थंड इंजिन रेटले, तेल पाहिले नाही, ब्रेक दाबून धरले, तर त्याची झीज आज दिसत नाही. पण पुढच्या आठवड्यात दिसते. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला तरी विमान नवे होत नाही. जसे सोडले तसेच ते सापडते. खेळात ‘पुन्हा पहिल्यापासून’ म्हणण्याची जी सोय असते, ती इथे नाही. मुलाला जबाबदारी शिकवणारी वस्तू म्हणून आम्ही याच्याकडे पाहतो.

विमान आपले केव्हा होते?

या छंदात एक रोगही आहे, आणि तो म्हणजे विमाने गोळा करणे. सवलतीची जाहिरात आली की एक घ्यायचे, दोनदा उडवायचे, मग तिसरे घ्यायचे. असे चाळीस विमानांचे धनी आम्ही पाहिले आहेत, की ज्यांना एकाही विमानाचे इंजिन पुस्तक न पाहता सुरू करता येत नाही. पैसे दिल्याने विमान आपले होत नाही. कोणत्या वेगाला ते जमीन सोडते, कोणत्या वेगाखाली पंख दगा देतात, इंजिन बंद पडले तर किती दूर तरंगत जाते, हे पाठ झाले की ते आपले. मग ते फुकटचे का असेना!

त्यासाठी दोन सवयी लावाव्यात. पहिली वहीची. प्रत्येक उड्डाणाची तारीख, मार्ग, वेळ आणि चूक लिहावी. विमान पडले तर ‘पडले’ असे स्पष्ट लिहावे आणि त्या दिवशी पुन्हा उडू नये. मरणाची भीती नसलेल्या खेळात एवढी तरी शिस्त हवी.

दुसरी सवय चेकलिस्टची, आणि इथे घरातल्या माणसांना काम आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी बोइंगचे एक नवे मोठे बॉम्बफेकी विमान अमेरिकेत चाचणीच्या वेळी पडले. यंत्र ठीक होते, वैमानिक निष्णात होते. पण वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेले कुलूप काढायचे राहून गेले होते. त्यातून यादी वाचून एकेक गोष्ट तपासण्याची पद्धत रूढ झाली. यादी एकाने वाचायची आणि दुसऱ्याने हात लावून उत्तर द्यायचे. घरी ती यादी कोणी वाचावी? आमच्या मते, आईने! प्रवासाला निघताना ‘गॅस बंद केला? नळ पाहिला? किल्ली घेतली?’ असे विचारणारी घरातली मूळ चेकलिस्ट तीच तर असते.

तेव्हा गुरुजी, आमचा निर्णय असा. या दिवाळीत एअरबस घेऊ नये. त्याहून कमी पैशांत एक साधी जॉयस्टिक येते, ती घ्यावी. कळफलकावर विमान उडवणे म्हणजे हातमोजे घालून पेटी वाजवणे. वैद्यकीय तपासणीची तारीख ठरवावी. सेस्नाने सोलापूरहून सोनारी, नकाशावरची खूण न वापरता, दहा वेळा वहीत नोंदली गेली की फुकटची एअरबस. तिचेही तीन महिने नीट पार पडले आणि बारावीची परीक्षा झाली, की मुलाने जे विमान मागावे ते आपण आनंदाने घेऊन द्यावे. तोवर बहुधा त्याची मागणीच बदललेली असेल.

आणि हे सारे त्याला आईच्या मार्फत कळवू नये. पाडव्याच्या संध्याकाळी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसावे आणि म्हणावे, ‘चल, आपले शिवार वरून दाखव.’ सीनेच्या काठचा कोणता ओढा कोणता, कोणाची विहीर कुठे, हे त्याच्याहून आपल्याला अधिक ठाऊक आहे. विमान तो उडवील. वाट आपण दाखवावी.

सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची जावो.